इग्नेशियसच्या वह्या आणि ताईच्या

माझी थोरली बहीण तीन वर्षांपूर्वी गेली. वसईच्या घरी तिचे कपाट आवरताना दोनशे पानी वह्यांची चळत निघाली. ती प्राथमिक शिक्षिका, त्यामुळे वह्या शाळेच्या असतील असे वाटले. तशा त्या नव्हत्या. रोज रात्री ताई दिवसभरातल्या आपल्या चुका क्रमांक घालून लिहीत असे. ‘१. एका मुलीवर विनाकारण ओरडले. २. रोझरी म्हणताना लक्ष नव्हते. ३. कालची दुसरी चूक पुन्हा.’ वर्षानुवर्षे हेच. मिस्सेला ती नेमाने जाई, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला कित्येकदा जागेवरून उठत नसे. आम्ही त्याला तिचा स्वभाव समजत आलो.

शेवटच्या दोन वह्या मात्र निराळ्या होत्या. त्या काळात ती एका समुपदेशक बाईंकडे जात होती, एवढे मला ठाऊक होते. वही तीच, पेन तेच, लिहिणारी तीच; मग फरक कशाने पडला? मी धर्मगुरू नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. छापखान्यात मुद्रितशोधन करता करता वाचत गेलेला माणूस. पण हा प्रश्न मला पाचशे वर्षे मागे घेऊन गेला, येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्याकडे.

मे १५२१मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला. घरी अंथरुणाला खिळलेला असताना त्याने वाचायला शूरवीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. त्यांतला मजकूर तो एका वहीत उतरवू लागला. अक्षर सुंदर, कागद घोटून गुळगुळीत केलेला, ख्रिस्ताचे शब्द लाल शाईत, मरियामातेचे निळ्या शाईत. वही सुमारे तीनशे पानांची झाली. ही त्याची पहिली वही. तिच्यात तो स्वतः कुठेच नाही. आहे ते फक्त त्याला आवडलेले.

दुसरे लिखाण पुढच्या वर्षीचे. मोन्सेरातच्या मठात त्याने जन्मभराच्या पापांचे निवेदन लिहून काढून केले. त्याला तीन दिवस लागले. तरी मान्रेसा गावी पोचल्यावर मन खाऊ लागले : काहीतरी सांगायचे राहिले. तो पुन्हापुन्हा पापनिवेदन करू लागला. तिथल्या एका विद्वान धर्मगुरूने सल्ला दिला, आठवेल ते सगळे लिहून काढ. त्याने तेही केले. उपयोग झाला नाही. शंका परत आल्या आणि दर खेपेला अधिक बारीक होऊन आल्या. रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करणारा हा माणूस खोलीतल्या एका मोठ्या भोकातून उडी टाकून जीव द्यावा, या विचारापर्यंत गेला. आठवडाभर त्याने अन्नपाणी वर्ज्य केले.

या अवस्थेला युरोपीय भाषांत ‘स्क्रुपल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत शिरलेल्या खड्यासारखा तो प्रत्येक पावलाला बोचतो. आजचे मानसोपचारतज्ज्ञ या विकाराचा समावेश मंत्रचळात करतात. पुन्हापुन्हा हात धुणारा जसा हात धुऊन मोकळा होत नाही, तसा हा रुग्ण कबुली देऊन मोकळा होत नाही. अशा माणसाला ‘सगळे लिहून काढ’ असे सांगणे म्हणजे हात धुणाऱ्याला आणखी एक साबणवडी देणे. मान्रेसाच्या त्या धर्मगुरूचा हेतू चांगला होता, पण औषधानेच रोग पोसला गेला.

इग्नेशियस यातून सुटला तो यादी पूर्ण करून नव्हे. एक पाप दुसऱ्याची आठवण देते आणि माळ ओवली जाते, हे त्याच्या ध्यानात आले. मग पापे मोजण्याऐवजी तो विचार कोणत्या वाटेने येतो आणि मनाला कुठे नेऊन सोडतो, हे त्याने पाहिले. भूतकाळातले काहीही पुन्हा निवेदन करायचे नाही, असे त्याने ठरवले. देवावरची श्रद्धा ढळली नाही. बदलला तो स्वतःला विचारायचा प्रश्न.

१५४८मध्ये रोममध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात या अनुभवाच्या दोन्ही बाजू दिसतात. एकीकडे आठवड्याच्या सात दिवसांसाठी आखलेल्या रेघा आहेत. एखादा विशिष्ट दोष घडला की रेघेवर टिंब द्यायचे. म्हणजे हिशेबाची वही आहेच. पण दिवसाच्या सर्वसाधारण आत्मपरीक्षणाचे जे पाच टप्पे तो सांगतो, त्यांतला पहिला आहे मिळालेल्या दानांबद्दल आभार. दोषांचा आढावा तिसऱ्या क्रमांकावर येतो. शिवाय शंकाग्रस्तांसाठी वेगळ्या सूचना आहेत. वाटेत दोन काड्यांचा क्रूस पडलेला असावा, नकळत त्यावर पाय पडावा आणि आपण पाप केले असे वाटावे, असे उदाहरण तो देतो. मन आधीच अतिहळवे असेल, तर ते आणखी हळवे करू नये, मध्यावर आणावे, असे त्याचे सांगणे आहे.

फेब्रुवारी १५४४ ते फेब्रुवारी १५४५ या काळातली त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. संघाच्या घरांना ठरावीक उत्पन्न असावे की नसावे, हा निर्णय त्याला घ्यायचा होता. त्या रोजनिशीत चुकांची यादी नाही. मिस्सेच्या वेळी डोळ्यांत पाणी आले की नाही, मन कशाने शांत झाले, कशाने अस्वस्थ, एवढ्याच नोंदी. पुढे त्याने आपले आत्मवृत्त एका सहकाऱ्याला सांगितले तेही ‘मी’ म्हणून नव्हे, ‘तो यात्रेकरू’ म्हणून. मान्रेसाच्या त्या माणसाकडे त्याला आता थोडे दुरून, करुणेने पाहता येत होते.

आधुनिक मानसशास्त्रात लेखनोपचाराची सुरुवात बहुधा जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगापासून मोजतात. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायचे होते. पुढे केनेथ पार्गामेंट यांनी दाखवले की, संकटात श्रद्धा आधार देते तशी ती घावही घालते. देव मला शिक्षा करतो आहे, असे मानणाऱ्याचा त्रास वाढतो. म्हणून श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला ‘लिही’ सांगण्यापूर्वी समुपदेशकाने दोन गोष्टी पाहणे गरजेचे आहे. श्रद्धेचा विषय उपचारात यावा, ही इच्छा त्या माणसाची स्वतःची आहे का? आणि ती वही वाचणारा देव त्याच्या मनात कोण आहे, वडील की परीक्षक?

ताईच्या समुपदेशक बाईंनी तिची वही बंद केली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. शेवटच्या दोन वह्यांत क्रमांक नाहीत. रोजची पहिली ओळ आज काय मिळाले याची : ‘शेजारणीने बोंबील आणून दिले.’ मग एखादा प्रसंग आणि त्यापुढे ‘हा विचार मला कुठे घेऊन गेला?’ मध्येच देवाला पत्रे आहेत. काही चक्क तक्रारीची. स्तोत्रसंहितेतली किती स्तोत्रे तक्रारीची आहेत, हे ती लहानपणापासून म्हणत आली होती. आपल्यालाही तक्रार करता येते, हे तिला साठीनंतर कळले. काही पानांवर ती स्वतःला ‘ती’ म्हणते : ‘ती आज दमली होती. म्हणून ओरडली.’

इग्नेशियसचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२मध्ये गोव्यात उतरला. पुढे १५४६मध्ये दूरच्या अंबोइना बेटावरून त्याने युरोपातल्या सोबत्यांना लिहिले, की सोबत्यांच्या पत्रांतल्या त्यांच्या हस्ताक्षरातल्या सह्या कापून मी जवळ बाळगतो. एकटा पडलेला माणूस आपल्या पापांची यादी नव्हे, आपल्या माणसांची नावे घेऊन फिरत होता.

ताईच्या शेवटच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावरही नावे आहेत. बहुतेक तिच्या वर्गातल्या मुलींची, आता त्या आजी झाल्या असतील. खाली आम्हा भावंडांची. शेवटी, जरा वेगळ्या शाईत, तिने स्वतःचे नाव लिहिले आहे.