जहाजावर बदललेलं मत

मिशनऱ्यांचा इतिहास वाचताना मी अ‍ॅडोनिरम जडसनपेक्षा त्याच्या बायकोपाशी, अ‍ॅनपाशी, जास्त रेंगाळतो. लग्नाला दोनच आठवडे झालेले, तोवर फेब्रुवारी १८१२मध्ये दोघं अमेरिकेहून कलकत्त्याला निघाले. जहाजावर ग्रीक नवा करार अभ्यासताना नवऱ्याला वाटू लागलं, तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणं चूक आहे. म्हणजे ज्या मंडळाच्या पैशांवर निघालो, त्याच्याशीच काडीमोड! अ‍ॅननं बजावलं, तू बाप्टिस्ट झालास तरी मी होणार नाही. मग तिनं स्वतः वाचलं. सप्टेंबरात कलकत्त्यात दोघांनी पाण्यात बुडून नवा बाप्तिस्मा घेतला. पगार सुटला, सोबती दुरावले. त्यांतले हॉल आणि नॉट मुंबईत आले. तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. कंपनी सरकारनं टिकू न दिलेले जडसन जुलै १८१३मध्ये रंगूनला उतरले. त्या प्रवासात अ‍ॅनचं पहिलं बाळ मृतच जन्मलं होतं.