कंपोस्टचा खड्डा आणि विद्यापीठाची वाढ: इंदूरची 1924 सालची गोष्ट

तुमच्या विद्यापीठात कंपोस्टचा खड्डा आहे का? बहुतेक असेल. मेसच्या मागे कुठेतरी, बाजूला हिरवी पाटी. नॅकच्या सातव्या निकषात कचरा व्यवस्थापनाबद्दल विचारतात, त्यामुळे समिती यायच्या आधी खड्ड्याचे फोटो निघतात. त्या खड्ड्यातलं खत कुठे जातं, ते मात्र कुणालाच नीट सांगता येत नाही. मी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलंय.

‘सर्क्युलर इकॉनॉमी’ म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्था. वस्तू घ्या, वापरा, फेका ही सरळ रेष मोडून जे बाहेर पडतं ते परत आत वळवायचं, हा त्यामागचा विचार. हल्ली विद्यापीठांच्या धोरणपत्रिकांत हा शब्द सर्रास दिसतो. पण तो बहुतेकदा कचऱ्याच्या प्रकरणात असतो. वाढीचं प्रकरण वेगळं. त्यात नव्या इमारती, नवे विभाग, वाढीव प्रवेश. दोन्ही प्रकरणं एकाच माणसाने लिहिली असतील असं वाटत नाही.

म्हणून आज एका जुन्या संस्थेबद्दल सांगते. तिथे ही दोन प्रकरणं एकच होती.

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 साली बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत आला. तो आणि त्याची पत्नी गॅब्रिएल, तीही तितकीच पक्की वनस्पतिशास्त्रज्ञ, यांनी गव्हाचे वाण काढून नाव मिळवलं. पण पुसाच्या रचनेवर त्याचा राग होता. वनस्पतिशास्त्र, कवकशास्त्र, कीटकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवाणुशास्त्र असे वेगवेगळे विभाग, प्रत्येकाचा वेगळा प्रमुख. पीक मात्र एकच! शेतातल्या रोपाला काय झालंय हे पाहायला पाच खात्यांच्या पाच फायली. संस्था वाढत होती म्हणजे विभाग वाढत होते. (ओळखीचं वाटतंय ना?)

1924 साली त्याला हवी तशी संस्था उभारायची संधी इंदूरला मिळाली. नाव इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री. होळकर संस्थानाने सुमारे 300 एकर जमीन दिली. पैसा मुख्यतः इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा, शिवाय मध्य भारतातल्या संस्थानांची वर्गणी. कमिटीचा पैसा कुठून यायचा? 1923 च्या कायद्याने कापसावर बसवलेल्या उपकरातून. म्हणजे कापसावरचा पैसा कापसाच्या संशोधनात, आणि संशोधन परत शेतात, अशी निदान कागदावर तरी कल्पना होती. पैशाचंही वर्तुळच.

हॉवर्डने इथे विभागांच्या भिंती घातल्या नाहीत. कापसाचं पीक मधोमध ठेवलं आणि माती, निचरा, बैल, अवजारं, मजूर सगळं त्याभोवती मांडलं. मजुरांचा पगार वेळेवर, राहायला बरी घरं, कामाचे तास माफक. हे दयेपोटी नव्हतं, संस्था नीट चालण्याचा तो भाग आहे असं त्याचं म्हणणं होतं.

आता खड्ड्याकडे येऊ. माळव्यातली काळी जमीन, तिला सेंद्रिय खताची भूक. शेण बरंचसं गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. दुसरीकडे पऱ्हाटी आणि तुराट्या ढिगाने पडलेल्या, त्या लवकर कुजत नाहीत. इंदूरला काय केलं, तर हा लाकडी माल शेतातल्या रस्त्यांवर पसरला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली तो आपोआप चिरडला जायचा, वेगळं यंत्र नाही की वेगळी मजुरी नाही. मग त्याचे थर, त्यावर गोठ्यातली शेणामुताने भिजलेली गवत-माती, लाकडाची राख, पाणी. ढीग ठरलेल्या वेळी तीनदा उलटायचा, सुमारे तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून ढीग जमिनीवर.

यातलं रसायनशास्त्र थोडक्यात सांगते. कुजवणाऱ्या बुरशी आणि जिवाणूंना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि शरीर बांधायला नायट्रोजन. पऱ्हाटीत कार्बन भरपूर, नायट्रोजन नगण्य. शेण-मूत ती उणीव भरतं. सुरुवातीचं मिश्रण 33 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजनच्या आसपास असावं, असा इंदूरचा हिशेब होता. उलटायचं ते हवेसाठी. हवा नसेल तर ढीग सडतो, दुर्गंधी येते, नायट्रोजनही उडून जातो. आपल्या गावाकडचा उकिरडा आणि कंपोस्ट यांच्यात मुख्य फरक हाच.

हे सगळं आभाळातून पडलं नाही. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन-जपानच्या शेतीवर लिहिलेलं 1911 चं पुस्तक हॉवर्डसमोर होतं, आणि भारतीय शेतकऱ्यांकडून आपण शिकलो असं तो उघड सांगायचा.

मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: इंदूरचा खड्डा हा संस्थेचा ‘उपक्रम’ नव्हता. गोठा, रस्ता, मजुरांची पाळी आणि प्रयोगशाळेतला नायट्रोजनचा तक्ता त्याच्याशी बांधलेले होते. खड्डा बंद केला असता तर संस्थेचं संशोधनच अडलं असतं. तुमच्या विद्यापीठातला खड्डा उद्या बुजवला तर काय अडेल?

हॉवर्डची भक्ती करायचं मात्र कारण नाही. चांगल्या मातीतला चारा खाणारे आपले बैल लाळ्या-खुरकुताच्या जनावरांना नाक लावूनही आजारी पडले नाहीत, असं त्याने लिहिलंय. तुलनेसाठी दुसरा गट नाही, काही नाही. आमच्या प्रयोगशाळेत असं मांडलं तर गाईड दारातूनच परत पाठवतील. पुढे तर ह्यूमस म्हणजे सगळ्यावर औषध, इथपर्यंत तो गेला.

गॅब्रिएल 1930 साली वारली, 1931 साली हॉवर्ड इंग्लंडला परतला. खताचं काम मात्र थांबलं नाही. 1935 साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा त्यांनी ते पाहिलं आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये या पद्धतीवर लेखन आलं. त्या आवारात आज कृषी महाविद्यालय आहे. ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेलं आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळींनी हॉवर्डला आद्यपुरुष मानलं.

पण या पद्धतीचं मूळ पुस्तक 1931 चं, शेतीतल्या टाकाऊ मालापासून ह्यूमस कसं करायचं यावर. त्याच्यावर दोन नावं आहेत. दुसरं नाव यशवंत डी. वाड, संस्थेतल्या रसायनशास्त्राचे मुख्य सहायक. आडनाव आपल्याकडचं. कुजताना नायट्रोजनचं काय होतं, हे मोजण्याचं काम रसायनाच्या माणसांचंच. आणि तरी सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगणाऱ्या लेखांत हॉवर्ड पानोपानी भेटतो, वाड क्वचितच. जे मातीतून घ्याल ते मातीला परत द्या, हा नियम सांगणाऱ्या संस्थेतलं श्रेय असं एकाच दिशेने वाहून गेलं. पुढच्या वेळी कुठे ‘इंदूर पद्धत’ वाचलीत, तर तिथे वाडांचं नाव आहे का तेवढं बघा.