दारातला निकाल

कागदपत्रांविना सीमेवर आलेल्याला न्यायाधीशापुढे उभे न करता परत पाठवण्याची अमेरिकी पद्धत १९९६च्या कायद्याची मानली जाते. तिची मुळे मात्र शतकभर जुनी आहेत. सॅन फ्रान्सिस्कोला उतरू पाहणाऱ्या एका जपानी स्त्रीच्या खटल्यात १८९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की परक्याला प्रवेश नाकारणारा अधिकाऱ्याचा निर्णय हीच रीतसर प्रक्रिया. १९०५मध्ये, आपला जन्म अमेरिकेतला असे सांगत चीनहून परतलेल्या माणसालाही हेच तत्त्व लागू झाले. परक्यांसाठीचा नियम तेरा वर्षांत नागरिकत्वाच्या दाव्यापर्यंत पोचला.

कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क राज्याला आहेच, आणि प्रत्येकाची सुनावणी करायची तर न्यायालये तुंबतील, हा आक्षेप पोकळ नाही. १९९६च्या कायद्याने छळाची भीती सांगणाऱ्यासाठी मुलाखतही ठेवली. पण ती भीती आधी नोंदवायची सीमेवरच्याच अधिकाऱ्याने. शिवाय २००४मध्ये सुनावणीविना परत पाठवण्याचा हा नियम सीमेपासून शंभर मैलांच्या आत, प्रवेशानंतर चौदा दिवसांत सापडलेल्यांपर्यंत वाढवला गेला. तेव्हा वाद राज्याच्या हक्काचा नाही. अधिकारी चुकला तर ती चूक कोण तपासणार, याचा आहे. तपासणी गाळून मिळवलेल्या वेगाची किंमत, ज्याचा दावा खरा होता तोच मोजतो.