हिरव्या रक्तपेशींचे कोडे

तिरुवैयारुला कावेरीच्या घाटावर उभे असता पाण्यात विरघळलेले धातू कोणाच्या मनात येत नाहीत. खडकांच्या झिजेतून सुटलेले व्हॅनेडियम अशाच नद्यांवाटे समुद्रास मिळते. तेथे ते लिटरमागे जेमतेम 2 मायक्रोग्रॅम असते.

1911 साली नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय संशोधन केंद्रात मार्टिन हेन्झे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला हाच धातू एका ॲसिडियनाच्या रक्तपेशींत, तीव्र आम्लासह, विपुल सापडला. ॲसिडियन म्हणजे खडकाला चिकटून पाणी गाळणारी पिशवीच. परंतु तिच्या डिंभाला पृष्ठरज्जू असतो, हे कोव्हालेव्स्कीने 1866 मध्ये दाखविले होते. नात्याने ती शिंपल्यापेक्षा आपणांस जवळची.

हेन्झेचे निरीक्षण अचूक होते. घोटाळा झाला तो अर्थ लावताना. रक्तातले लोह, तांबे प्राणवायू वाहतात. तेव्हा व्हॅनेडियमही तेच करीत असणार, असे मानले गेले. प्रत्यक्षात हे रक्त समुद्राच्या पाण्याहून विशेष अधिक प्राणवायू धरीत नाही. पेशी पाण्यात फोडल्यावर मिळणारे तांबूस-तपकिरी द्रावण हे मूळ रंगद्रव्य समजले गेले, तेही फोडण्याच्या क्रियेतूनच उपजलेले होते. 1980 च्या सुमारास अखंड पेशींवर क्ष-किरण शोषणाचे प्रयोग झाले, तेव्हा आत मुख्यत्वे पाण्याच्या रेणूंनी वेढलेले त्रिसंयुजी आयन आहेत असे दिसले. (भौतिकीच्या माणसाला येथे थोडा अभिमान वाटू द्यावा.)

धातूचे घरही चुकीचेच ठरविले होते. हिरवट मोरुला पेशींवर दीर्घकाळ संशय होता. हितोशी मिचिबाता व सहकाऱ्यांनी पेशी प्रकारवार वेगळ्या केल्या, तेव्हा धातू मुद्रिकेच्या आकाराच्या, मोठ्या रिक्तिकेच्या पेशींत निघाला. ॲसिडिया जेम्माटा या जातीत त्याचे प्रमाण समुद्रापेक्षा सुमारे 1 कोटी पट भरले. पुढे त्याला धरणारी 'व्हॅनाबिन' प्रथिनेही मिळाली. एवढी साठवण कशासाठी, याचे सर्वमान्य उत्तर मात्र आजही नाही.

आपल्याकडे प्राणिशास्त्राच्या पिढ्यांनी ॲसिडियन ओळखला तो हर्डमानियाच्या आकृतीतून, एस. एम. दास यांचा त्यावरील प्रबंध 1936 चा. शंखाच्या पाठीवर बसणाऱ्या या प्राण्याच्या गणात व्हॅनेडियम अल्प असते, लोह अधिक. तेच पाणी गाळणाऱ्या दोन भावंडांनी दोन वेगळे धातू का निवडावेत, हा प्रश्न मला हेन्झेच्या प्रश्नाहूनही अवघड वाटतो.