अर्ध्या फेऱ्याचा स्क्रू

तर झालं असं, की परवा शनिवारी नगरला गेलो होतो. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. पण एसटीत तिकीट काढताना माझ्या तोंडून अजून नगरच येतं.) अण्णांचा लॅपटॉप बंद पडला होता. आमचे अण्णा हो, राळेगणचे नव्हेत! कंपनीच्या सेंटरवाल्यांनी निदान केलं होतं, "पूर्ण बोर्ड बदलावा लागेल." किंमत ऐकून अण्णा म्हणाले, "यात नवा नाही का येणार?" जवळपास येत होता.

मग मी तो उचलला आणि आमच्या जुन्या रिपेअरवाल्या भाऊंकडे गेलो. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मला पंधरा वर्षं मागे गेल्यासारखं झालं. कारण याच टेबलावर, २०११ साली, भाऊंनी माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून दिला होता. हो, लॅपटॉपचा प्रोसेसर. आज ऑफिसातल्या नव्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना थाप वाटते.

माझा पहिला लॅपटॉप सेकंडहँड होता, २००६ चा. आत सेलेरॉन एम ४३०, एकच कोर, १.७३ गिगाहर्ट्झ, १ एमबी कॅश. एक्लिप्स उघडायला टाकून चहा करून यावा, तरी ते उघडतच असायचं. भाऊ म्हणाले, "मशीन टाकू नको, डोकं बदलू." कुठल्याशा मेलेल्या लॅपटॉपमधून त्यांनी कोअर टू ड्युओ टी ७२०० काढून ठेवला होता. दोन कोर, २ गिगाहर्ट्झ, ४ एमबी कॅश. हीटसिंक काढला, सॉकेटच्या कडेचा बारीक स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि जुना प्रोसेसर बोटांनी अलगद उचलला. नवा ठेवला, स्क्रू उलट फिरवला, पेस्ट लावली. संपलं! खर्च दीड हजार. त्या मशीनवर मी पुढे चार वर्षं कोड लिहिला.

तर हा अर्ध्या फेऱ्याचा स्क्रू आला कुठून आणि गेला कुठे, त्याची ही गोष्ट.

सुरुवातीच्या लॅपटॉपांत प्रोसेसर बहुतेक वेळा बोर्डालाच जोडलेला असायचा. १९९७ च्या सुमारास इंटेलने मोबाईल मॉड्यूल आणलं, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेटचा काही भाग एका छोट्या कार्डावर. मग पेंटियम थ्रीच्या काळात खरीखुरी चपटी सॉकेटं आली. डेस्कटॉपला असते तशी दांडी लॅपटॉपमध्ये मावणार कुठे? म्हणून स्क्रू. तो फिरवला की सॉकेटची वरची पट्टी किंचित सरकते आणि आतले संपर्क सगळ्या पिना एकदम धरतात. जोर लावायचं कामच नाही.

आता तुम्ही म्हणाल, कंपन्यांना आपली एवढी काळजी? छे हो! सोय त्यांची होती. एकच बोर्ड बनवायचा आणि शेवटच्या क्षणी स्वस्त मॉडेलात सेलेरॉन, महागात कोअर टू ड्युओ बसवायचा. आपल्याला मिळालं ते त्यांच्या सोयीचं उरलंसुरलं.

आणि खरं सांगायचं तर ते उरलंसुरलंही मोजून मापूनच होतं. पेंटियम एमचं सॉकेट ४७९, २००३. कोअर ड्युओचं सॉकेट एम, २००६. पुढच्याच वर्षी सॉकेट पी. एम आणि पी, दोन्हींच्या पिना ४७८, तरी याचा प्रोसेसर त्याला चालत नाही! मग २००९ ला जी१, २०११ ला जी२, २०१३ ला जी३. एएमडीचं एस१ २००६ चं, ६३८ पिनांचं, आणि नंतर २०११ ला एफएस१. म्हणजे दार होतं, पण दर दोन-तीन वर्षांनी कुलूप बदलायचं. त्यात बायोसने नवा प्रोसेसर ओळखला पाहिजे, पंख्याला त्याची उष्णता झेपली पाहिजे. माझं जमलं ते सेलेरॉन आणि टी ७२०० दोघंही सॉकेट एमचे होते, आणि बोर्डाचा चिपसेट ६६७ चा बस चालवू शकत होता म्हणून.

शेवट पातळपणाने केला. २००८ मध्ये मॅकबुक एअर पाकिटातून बाहेर निघाला आणि जगाला कळलं की लॅपटॉप एवढा बारीक असू शकतो. २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुकची टूम काढली, १७ वॉटचे प्रोसेसर थेट बोर्डावर डकवलेले. सॉकेट म्हणजे काही मिलिमीटर जास्त उंची आणि वर खर्च. जी३ नंतरच्या ब्रॉडवेल पिढीपासून इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांना सॉकेटच उरलं नाही. एएमडीनेही तीच वाट धरली. २०२४ च्या लूनर लेकमध्ये तर रॅमसुद्धा प्रोसेसरच्याच पॅकेजवर आहे.

मी जुन्याचं रडगाणं गाणारा नाही. माझं सेलेरॉनवालं धूड दीड तासात बॅटरी खायचं, तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंगही जोरात असायचं. आजचं मशीन दिवसभर चालतं. आणि प्रोसेसर मुळात मरतोच क्वचित. मग दुखतंय कुठे?

ते भाऊंच्या टेबलावर कळलं. त्यांनी मीटर लावला, बोर्डावर थोडी स्पिरिट टाकली आणि करंट दिला. एका ठिकाणची स्पिरिट भर्रकन उडाली. तिथे राईच्या दाण्याएवढा कपॅसिटर शॉर्ट झालेला. हॉट एअरने तो काढला, भंगार बोर्डावरचा दुसरा लावला. लॅपटॉप सुरू.

प्रोसेसर ठणठणीत होता. रॅम ठणठणीत होती. पण सगळं एकाच बोर्डावर असल्यामुळे एका दाण्यापायी सगळंच भंगारात निघालं होतं. सॉकेट गेलं याचं दुःख वेग वाढवता येत नाही म्हणून नाही. बिघाड वेगळा काढता येत नाही, म्हणून आहे. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, चांगलंच केलं. पण बोर्डाचे नकाशे आणि सुटे भाग भाऊंसारख्यांच्या हातात पडत नाहीत तोवर तो हक्क कागदावरच.

पैसे विचारले तर म्हणाले, "सातशे दे. आणि तो टी ७२०० आहे का रे अजून? असला तर आणून दे, शिकायला पोरं येतात, त्यांना दाखवतो."

आहे. माळ्यावर आहे. पुढच्या खेपेला नेणार आहे.