एकेरी व दुहेरी विमान तिकिटे

विमानप्रवासात जाणे व येणे या दोन्हींसाठी एकच आरक्षण केले असता त्यास दुहेरी तिकीट म्हणतात. व्यवहारात ते 'रिटर्न तिकीट' या नावाने ओळखले जाते. त्याऐवजी जाण्याचे एक व येण्याचे एक अशी दोन स्वतंत्र एकेरी तिकिटे घेणे हा दुसरा पर्याय होय. दोन्ही पद्धतींत प्रवासी त्याच विमानांतून प्रवास करू शकतो. मात्र दुहेरी तिकीट हा एकच करार असतो, तर दोन एकेरी तिकिटे हे दोन वेगवेगळे करार असतात. भाडे, तारखेतील बदल, रद्दीकरण आणि प्रवाशाचे हक्क यांतील बहुतेक फरक या एका गोष्टीतून उद्भवतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने देशांतर्गत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण टप्प्याटप्प्याने संपुष्टात आले. तत्पूर्वी १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने 'सुपर सेव्हर' नावाची सवलतीची भाडी सुरू केली होती. ती मिळविण्यासाठी तिकीट बरेच आधी घेणे व मुक्कामी ठराविक दिवस राहणे आवश्यक होते. पुढे शनिवारची रात्र परगावी काढण्याची अटही अनेक कंपन्यांनी घातली.

या अटींमागे प्रवाशांची विभागणी करण्याचा हेतू होता. कामानिमित्त जाणारा प्रवासी सहसा आठवड्याच्या मध्ये जाऊन शनिवारच्या आत घरी परततो, आणि त्याचे भाडे बहुधा त्याची संस्था भरते. पर्यटक किंवा आप्तांना भेटण्यासाठी जाणारा प्रवासी मात्र खर्चाचा विचार करतो आणि शनिवार-रविवार मुक्काम करण्यास त्याची हरकत नसते. मुक्कामाची अट दुहेरी तिकिटालाच लावता येते, कारण एकेरी तिकिटावरून प्रवासी कधी परतणार हे कंपनीला कळत नाही. त्यामुळे सवलत दुहेरी तिकिटास आणि महाग, लवचीक भाडे एकेरी तिकिटास अशी रचना रूढ झाली. परिणामी, काही मार्गांवर एका दिशेचे भाडे दोन्ही दिशांच्या सवलतीच्या भाड्याहूनही अधिक असते.

अल्पदरातील विमानसेवांचा प्रभाव

अल्पदरात सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ही रचना मोडली. अमेरिकेत साउथवेस्ट, युरोपात रायनएअर व इझीजेट यांसारख्या कंपन्यांनी प्रत्येक दिशेचे भाडे स्वतंत्रपणे ठरविण्याची पद्धत रुजविली. अशा पद्धतीत दुहेरी आरक्षणाचे मूल्य म्हणजे दोन एकेरी भाड्यांची बेरीजच असते. स्पर्धेमुळे जुन्या कंपन्यांनाही अनेक देशांतर्गत मार्गांवर तिचा स्वीकार करावा लागला.

भारतात १९५३ चा हवाई महामंडळ कायदा १९९४ मध्ये रद्द झाल्यावर नियमित विमानसेवेचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. एअर डेक्कन (२००३), स्पाइसजेट (२००५) व इंडिगो (२००६) यांच्या आगमनानंतर देशांतर्गत मार्गांवर एकेरी भाड्याची पद्धत सर्वसाधारण झाली. दूर पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर मात्र दुहेरी तिकिटावरील सवलत पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

दोन एकेरी तिकिटांचे लाभ

जाताना एका व येताना दुसऱ्या कंपनीचे सोयीचे किंवा स्वस्त विमान निवडता येते. येण्याची तारीख निश्चित नसल्यास ते तिकीट नंतर घेता येते. शिक्षणासाठी परदेशी जाणारे विद्यार्थी या कारणास्तव अनेकदा एकेरी तिकीट घेतात. एक तिकीट रद्द केले तरी दुसऱ्यावर परिणाम होत नाही.

जाण्याचा व येण्याचा विमानतळ वेगळा ठेवणेही सोपे होते. उदाहरणार्थ, गोव्यात दक्षिणेकडील दाबोळी आणि पेडणे तालुक्यातील मोपा असे दोन विमानतळ आहेत; मोपा येथून जानेवारी २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाली. मुंबईहून दाबोळीस उतरून, गोवा उत्तरेकडे पाहत जाऊन मोपाहून परतणे दोन एकेरी तिकिटांद्वारे सहज शक्य होते. एकाच आरक्षणातही असा प्रवास करता येतो. मात्र तेव्हा निवड सामान्यतः त्या कंपनीच्या व तिच्या भागीदार कंपन्यांच्या विमानांपुरती राहते.

मर्यादा व जोखीम

जाण्याचे विमान रद्द झाल्यास ती कंपनी केवळ त्या तिकिटाचे पैसे परत करण्यास किंवा त्या प्रवासाची पर्यायी व्यवस्था करण्यास बांधील असते. दुसऱ्या कंपनीकडून घेतलेले येण्याचे तिकीट तसेच राहते आणि ते रद्द करण्याचे किंवा बदलण्याचे शुल्क प्रवाशावर पडते. दुहेरी तिकिटात दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात असल्याने संपूर्ण प्रवासाचा विचार एकत्रितपणे होऊ शकतो. आजारपणासारख्या कारणाने सर्व प्रवास रद्द करावा लागल्यास दोन तिकिटांवर दोनदा शुल्क लागू शकते. सामानाच्या वजनाची मर्यादाही दोन कंपन्यांची वेगळी असू शकते.

परदेशप्रवासात येण्याच्या एकेरी तिकिटाचे भाडे त्या देशातून निघणारा प्रवास म्हणून, बहुधा तेथील चलनात ठरते. त्यामुळे एकूण खर्च दुहेरी तिकिटाहून कमी वा अधिक होऊ शकतो.

टप्पा न वापरल्यास

दुहेरी तिकिटाची मुख्य अडचण टप्प्यांच्या क्रमाशी निगडित आहे. अनेक कंपन्यांच्या अटींनुसार जाण्याचा टप्पा न वापरल्यास येण्याचे आरक्षण रद्द होते. स्वस्त दुहेरी तिकीट घेऊन त्याचा एकच टप्पा वापरण्याच्या प्रथेस आळा घालणे हा या अटीचा एक हेतू आहे. मात्र गाडी चुकल्याने विमान हुकलेला आणि दुसऱ्या मार्गाने मुक्कामी पोहोचलेला प्रवासीही तिच्या कक्षेत येतो. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१० मध्ये ब्रिटिश एअरवेज व लुफ्तांसा यांच्या अशा अटी त्या स्वरूपात अवैध ठरविल्या. दोन एकेरी तिकिटांत हा प्रश्न उद्भवत नाही.

कायदेशीर बाजू

१९९९ च्या माँट्रियल करारानुसार दावा दाखल करण्याच्या ठिकाणांपैकी एक म्हणजे प्रवासाचे गंतव्यस्थान होय. भारत २००९ मध्ये या कराराचा पक्ष झाला. मुंबई–लंडन–मुंबई अशा दुहेरी तिकिटाचे गंतव्यस्थान मुंबई मानले जाते. मुंबई–लंडन या एकेरी तिकिटाचे मात्र लंडन. सामान हरवणे किंवा विलंब यांबाबतच्या दाव्यांत हा भेद महत्त्वाचा ठरू शकतो.

नुकसानभरपाईच्या नियमांत मात्र एक आरक्षण म्हणजे एक उड्डाण असे नेहमीच मानले जात नाही. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये एमिरेट्सशी संबंधित खटल्यात, एकाच वेळी आरक्षित केले असले तरी जाणे व येणे ही स्वतंत्र उड्डाणे असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे युरोपीय संघाबाहेरून बिगर-युरोपीय कंपनीच्या विमानाने परतणाऱ्या प्रवाशास संघाचे भरपाईचे नियम लागू होत नाहीत.

प्रवेशाचे नियम

अनेक देश अल्पकालीन अभ्यागतांकडे परतीच्या किंवा पुढील प्रवासाच्या तिकिटाचा पुरावा मागतात. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशास परत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येत असल्याने तपासणी बहुधा निघण्याच्या विमानतळावरच होते. येण्याचे वेगळे एकेरी तिकीटही पुरावा म्हणून चालते. परंतु ते दुसऱ्या आरक्षणात असल्याने कंपनीच्या संगणकावर आपोआप दिसत नाही, म्हणून त्याची प्रत जवळ बाळगावी लागते. केवळ जाण्याचे तिकीट घेऊन निघालेल्या प्रवाशास विमानात प्रवेश नाकारला जाऊ शकतो.