खड्ड्यातले गांडूळ आणि बांधीतले गांडूळ

गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे, हे आपण वर्गात शिकवतो. पण माणसाला हे उशिरा कळले. इंग्लंडमधील माळी आणि शेतकरी गांडुळांचा तिरस्कार करतात, असे गिल्बर्ट व्हाइट या निसर्गनिरीक्षकाने 1777 मध्ये लिहिले होते. गांडुळे नसतील तर जमीन घट्ट आणि निर्जीव होईल, असे त्याचे मत होते.

हे मोजून दाखवले चार्ल्स डार्विनने. 1842 मध्ये त्याने घराजवळच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरले. 29 वर्षांनी, 1871 मध्ये, तेथे चर खणला तेव्हा खडूचा थर सुमारे 7 इंच खाली गेलेला आढळला. गांडुळे खालची माती खाऊन विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकत होती, त्यामुळे वरच्या वस्तू हळूहळू गाडल्या जात होत्या. 1881 मध्ये या विषयावर त्याचे पुस्तक निघाले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून मिळालेल्या निरीक्षणांचाही त्यात उपयोग केलेला आहे.

महाराष्ट्रात गांडूळखताचा प्रसार 1980 च्या दशकापासून वाढला. पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी या विषयावर काम केले. पुढे शेणखत, पालापाचोळा, सावली आणि ओलावा यांवर चालणारे खड्डे गावोगावी दिसू लागले. त्यांत बहुधा युरोपातील आयसेनिया फेटिडा किंवा आफ्रिकेतील युड्रिलस युजेनी ही गांडुळे असतात. ती परदेशी म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. पण खरा प्रश्न देशी-परदेशीचा नसून राहणीचा आहे. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हे आपल्याकडचे गांडूळही कुजणाऱ्या पाल्यातच रमते. याउलट लॅम्पिटो मॉरिटी हे देशी गांडूळ मातीत बिळे करून राहते. पहिले खत तयार करते. दुसरे बिळांवाटे हवा-पाणी आत नेते आणि माती खालीवर करते. खड्ड्यातले गांडूळ शेतात सोडले म्हणून ते दुसऱ्याचे काम करील असे नाही.

गोंदिया जिल्ह्यात हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. येथे मुख्य पीक धानाचे. रोवणीपूर्वी चिखलणीत बिळे मोडतात आणि नंतर बांधीत पाणी साचून राहते. गांडूळ त्वचेतून श्वास घेते. साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. मग त्याला आसरा उरतो तो न नांगरलेल्या, गवत असलेल्या धुऱ्याचा. धान उभे असतानाच बांधीत लाखोळी फेकण्याची येथील जुनी रीतही गांडुळांना सोयीची आहे, कारण त्यात पुन्हा नांगरणी होत नाही. धुरे जाळून किंवा तणनाशक मारून साफ करताना आपण हा आसराच काढून घेतो. गांडूळखत जरूर करावे, पण त्याबरोबर धुराही राखावा.

विद्यार्थ्यांकडून हे तपासून घेता येईल. धान निघाल्यावर, जमिनीत ओल असतानाच, एक फूट लांब, रुंद व खोल असे तीन खड्डे खणावेत: एक बांधीत, एक धुऱ्यावर आणि एक शाळेतील झाडाखाली. माती कागदावर पसरून गांडुळे मोजावीत व पुन्हा जागच्या जागी सोडावीत. दरवर्षी त्याच सुमारास नोंद ठेवली, तर काही वर्षांत गावाच्या मातीचा इतिहास शाळेच्या वहीत जमा होईल. डार्विननेही 29 वर्षे वाट पाहिली होती.